घरजावई स्फुरद आणि आमचे सर

आमचे सर कुणाच्याही शेताच्या बांधावर पोचले की आधी चपला काढायचे आणि एकीवर एक आपटायचे. देवळात शिरताना काढून ठेवतात तसं नाही. माती झाडून झाली की त्याच चपला पुन्हा पायात घालून आत यायचे, आणि परत जाताना बांधावर तोच कार्यक्रम. एकाच्या रानातली माती दुसऱ्याच्या रानात नेणं म्हणजे चोरी, असं त्यांचं मत होतं आणि ते थट्टेनं बोलत नव्हते. आमच्या गावात ते पहिल्यांदा आले तेव्हा माझे थोरले चुलते, तात्या, बाभळीखाली बसले होते. त्यांनी हा प्रकार नीट पाहून घेतला आणि मला हळूच विचारलं, "बाई, तुजे सर चपलात इच्चू बघायलेत का?"

मी धाराशिवला शेतीची पदवी घेते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळं एवढ्या मोठ्या माणसाविषयी लिहिताना हात जरा अडखळतो. सर आम्हाला माती शिकवायचे. मागच्या वर्षी त्यांची बदली झाली. नवी मुलं विचारतात, ते सर कसे होते, आणि मला दर वेळी वेगळंच काहीतरी आठवतं.

त्यांची हजेरीच घ्या. "हजर" म्हटलेलं त्यांना चालायचं नाही. नाव पुकारलं की आज आपल्या रानात काय आहे ते सांगायचं. "ज्वारी, पोटऱ्यात आलीय." "तूर, शेंगा भरायल्यात." "काहीच नाही सर, मोकळं आहे." यावर सर म्हणायचे, "छान, विश्रांती चालू आहे." ह्या हजेरीपायी आम्ही सगळे घरी फोन करायला लागलो. माझी आई म्हणायची, "आदी आमी कसं हाव ते तरी इचार, मग ज्वारीचं सांगते."

पहिल्याच दिवशी आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीकडचा एक मुलगा उभा राहिला आणि खाली बघत म्हणाला, "सर, आमाला शेत न्हाई. मेंढरं हायत." सरांनी पेन खाली ठेवलं. "मग आज मेंढरं कुणाच्या रानात बसलीत ते सांगा." त्याला ते बरोबर माहीत होतं. कुठल्या गावात, कुणाच्या रानात, तिथली माती कशी, पाणी कुठवर, सगळं त्यानं सांगितलं. सर आमच्याकडं वळून म्हणाले, "तुमचं प्रत्येकाचं एकेकच रान. ह्यांचं बघा, रोज नवं." त्यानंतर हजेरीला सगळ्यात मोठा आवाज त्या मुलाचा असायचा.

शिकवताना सर खतांची नाती लावायचे. नत्र म्हणजे पाव्हणा. आला, जेवला, निघाला. थांबा म्हटलं तरी थांबत नाही. पालाश म्हणजे थोरली सून. बोलत नाही, पण तिच्यावाचून घर चालत नाही. आणि स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, हा घरजावई. एकदा आणला की हलत नाही.

"आपल्या चुनखडीच्या काळ्या रानात तर तो कोपरा धरून बसतो," सर सांगायचे. "पिकाला लागतो चमचाभर आणि आपण आणतो पोतं. उरलेला तिथंच. पुढच्या पेरणीला आपण दुसरा जावई आणतो. त्याच्या पुढच्या पेरणीला तिसरा. मग बिचारं जस्त आणि लोह जेवायला येतं, तर पंगतीत जागाच नाही."

"पण सर, बसला तर बसला. बिघडलं काय?" कुणीतरी विचारलं.

"पीक पिवळं पडतं ते बिघडलं. पावसात माती वाहून तळ्यात जाते, तिच्याबरोबर हाही जातो आणि तळ्यावर हिरवी साय धरते, ते बिघडलं. आणि एवढं करून आपण दुकानापुढं रांगेत उभे, ते तर फारच बिघडलं."

चाचणीत एका मुलीनं उत्तरात घरजावईच लिहून टाकला. सरांनी तिला पूर्ण गुण दिले आणि कडेला लिहिलं, 'विद्यापीठाच्या पेपरात असं लिहू नये. तपासणारे स्वतः घरजावई असू शकतात.'

सरांकडं एक जुनी मोपेड होती. तिच्यावर पुढं मागं मातीच्या पिशव्या लटकलेल्या असायच्या. एकदा हायवेवर पोलिसांनी त्यांना अडवलं. तेव्हा वाळूच्या गाड्यांची तपासणी चालली होती.

"पिशवीत काय हाय?"

"माती."

"माती का वाळू?"

"वास घेऊन बघा."

हवालदारानं खरंच वास घेतला. "कुठं नेताव?"

"तपासायला."

"मंग आमी हितं काय करायलाव? आमी बी तपासायलाच उभं हाव की!"

हे सरांनीच आम्हाला वर्गात सांगितलं, दोन्ही आवाज काढून. पुढं त्या हवालदारानं आपल्या डाळिंबाच्या पानांची तक्रार काढली, आणि सर रस्त्याकडेच्या दगडावर बसून त्याला खतं समजावत राहिले. पुढच्या आठवड्यात एसटीच्या कंडक्टरनं कॉलेजात एक पिशवी आणून दिली. हवालदाराच्या रानातली माती होती.

मार्गशीर्षातली वेळ अमावस्या, आमच्याकडं येळवस म्हणतात, हा सरांचा सगळ्यात आवडता सण. त्या दिवशी गाव ओस पडतं आणि रानं भरतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करायची, पाच दगडांचे पांडव पुजायचे, आणि बांधावरून जाईल त्याला हाक मारून भज्जी, उंडे, आंबील जेवायला बसवायचं. सर म्हणायचे, "ह्या दिवशी कुणीच कुणाला नाही म्हणत नाही." म्हणून ते त्या दिवशी कुदळ आणि पिशव्या घेऊन निघायचे. प्रत्येक कोपीपुढं दोन घास खायचे आणि जाताना माती मागायचे.

मी भीत भीत त्यांना आमच्याकडं बोलावलं होतं. वाटलं होतं, येणार नाहीत. ते आले. माझे वडील, अण्णा, एवढा मोठा माणूस घरी आला म्हणून इतके गोंधळले की त्यांनी सरांना आंबिलीचे दोन तांबे एकदम दिले. जेवण झाल्यावर सरांनी माती मागितली. आमचं हायवेच्या कडेचं रान सोयाबीन निघून मोकळं पडलं होतं. अण्णा त्यांना हाताला धरून एका जागी घेऊन गेले.

"हितली घ्या सर. हितली लई भारी हाय."

"अण्णा, बाजारात बैल उभा करायचा नाही आपल्याला," सर म्हणाले. "सगळ्या रानाची पाहिजे. बांधाजवळची नको, झाडाखालची नको, उकिरड्याजवळची नको. नागमोडी चालायचं."

मग पुढं कुदळ घेऊन सर, मागं पाटी घेऊन अण्णा, त्यांच्यामागं मी आणि माझी धाकटी बहीण, असे आम्ही भर दुपारी मोकळ्या रानात इकडून तिकडं, तिकडून इकडं वळत चाललो. शेजारच्या कोपीतून तात्यांची हाक आली, "आरं, आंबील जादाच आंबली व्हय रं तुमची?"

मातीचा अहवाल आला तेव्हा मी अण्णांना फोनवर वाचून दाखवला. नत्र कमी. पालाश भरपूर. स्फुरद अत्यंत जास्त. पुढं समजावून सांगणार तोवर फोन बंद झाला होता. शनिवारी घरी गेले तर आईनं शिरा केलेला. अण्णांनी पारावर सांगून टाकलं होतं की आपल्या रानाला स्फुरदात अत्यंत जास्त पडले. माझ्या दहावीच्या निकालालाही ते एवढे खूश नव्हते. तात्या जरा तोंड पाडून बसले होते. म्हणाले, "आमचं रान बी काय कमी न्हाई. परीक्षेलाच बसवलं न्हाई, त्याला काय करायचं?"

मला खरं सांगायचा धीर झाला नाही. ते काम सरांनी केलं. दुसऱ्याच दिवशी, रविवारी, आले, उरलेला शिरा खाल्ला, आणि आईला म्हणाले, "ताई, तुम्हाला शुगर आहे ना? तुमच्या रिपोर्टात अत्यंत जास्त आलं तर पेढे वाटाल का?"

आई पदर तोंडाला लावून हसायला लागली. अण्णांनी शिऱ्याची ताटली खाली ठेवली. मग हळूच म्हणाले, "म्हंजी रानाला शुगर झाली म्हणा की."

"झाली."

"मंग गोड बंद?"

"डीएपी बंद. त्या पोत्यात स्फुरदच जास्त. ह्या खरिपाला त्या रानात डीएपी टाकायचं नाही. थोडं नत्र, थोडं गंधक, आणि बियाण्याला जिवाणू लावायचे. आत जे साठलंय तेच पिकाला खाऊ द्या. पुढं परत माती बघू."

"सर, डीएपीबिगर पेरणी म्हंजी मिठाबिगर कालवण."

"अण्णा, मीठ आधीच पडलंय. मूठ मूठ पडलंय."

अण्णा हो म्हणाले. पण हे साधं नव्हतं. ते रान हायवेला लागून आहे. येणारा जाणारा ते बघतो. आणि धाकटी तेव्हा बारावीला जाणार होती. तिला पुढं बाहेरगावी शिकायला ठेवायचं की नाही, याचा निकाल घरात लागत नव्हता. तात्यांनी त्याच दिवशी सगळ्यांसमोर म्हटलं, "थोरलीच्या शिकण्यानं रान पिकतंय का पिवळं पडतंय ते आदी बघू. मंग धाकटीचं ठरवू." अण्णांनी मान हलवली, म्हणजे त्यांनाही ते पटलं होतं. धाकटी भाकरी थापत होती. तिनं माझ्याकडं असं पाहिलं की जणू ते रान मीच होते.

पेरणीच्या तोंडावर नेहमीप्रमाणं खताच्या दुकानापुढं पहाटेपासून रांग लागली. अण्णा त्या रांगेत नव्हते. दोन माणसं घरी तब्येत विचारायला आली.

सर बियाण्याला जिवाणू लावायला स्वतः आले. लिंबाच्या सावलीत पोतं अंथरलं, गुळाच्या पाण्यात जिवाणू कालवले आणि बाह्या वर करून सोयाबीन हलक्या हातानं चोळायला बसले. "जोरात नको, साल निघतं," असं ते स्वतःलाच सांगत होते. आई लांबून बघत म्हणाली, "नवऱ्या मुलाला हळद लावल्यागत चाललंय." सर म्हणाले, "ताई, मग गाणं म्हणा की!" आणि आईनं खरंच हळदीच्या गाण्याची एक ओळ म्हटली, दुसरी म्हणताना लाजून आत पळाली. सरांच्या कोपरापर्यंत गूळ लागला होता आणि पायाला मुंग्या. तरी ते उठले नाहीत.

उगवण चांगली झाली. मग झड लागली. आठवडाभर पाऊस उघडला नाही, रानात पाणी साचलं, आणि ऊन पडल्यावर सोयाबीन पिवळं दिसायला लागलं.

गावानं लगेच निदान केलं. डीएपी टाकलं नाही म्हणून. एसटीतून उतरणारा माणूस आधी आमच्या रानाकडं बघायचा आणि मग गावात शिरायचा. अण्णा रस्त्यानं जायचे बंद झाले, ओढ्याच्या वाटेनं रानात जायला लागले. एका संध्याकाळी तात्या दारात आले. डोक्यावर डीएपीचं पोतं होतं. टोमणे मारणारे तात्याच, पण आपल्या वाट्याचं पोतं उचलून आणणारेही तात्याच. "टाक बाबा," ते म्हणाले, "शिकलेल्यांचं राहू दे. पीक हातचं घालवू नगंस."

अण्णांनी मला फोन केला. "बाई, उद्या टाकतो. माजा इलाज न्हाई."

मी सरांना फोन लावला, आणि पिवळी पानं, तात्यांचं पोतं, सगळं एका दमात सांगितलं. ते म्हणाले, "तुम्ही घरी चला. मी सकाळी पोचतो."

सकाळी ते आले. चिखलानं भरलेले. आणि बांधावर थांबून चपला आपटायला लागले. चिखल काही निघेना. मग काडी शोधली आणि खरवडत बसले. अण्णा, तात्या, मी, गावातले चार लोक, सगळे तिथं उभे, आमचा जीव टांगणीला, आणि हे काडीनं चप्पल कोरतायत. तात्या म्हणाले, "सर, चिखल राहू द्या हो, आमीच देतो तुमाला तेवढा!"

शेवटी ते आत शिरले. एक रोप वाकवून बघितलं. वरची कोवळी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या. त्यांनी मान वर केली.

"हे शेजारचं रान कुणाचं?"

"माजं," तात्या म्हणाले.

"डीएपी टाकलंय?"

"ठासून."

सर परत बांधावर गेले, परत काडी घेतली, परत चपला कोरल्या आणि तात्यांच्या रानात उतरले. आम्ही मागोमाग. तात्यांच्या सोयाबीनची वरची पानं पिवळी होती. शिरा हिरव्या. मधल्या सखल भागात तर आमच्यापेक्षा जास्तच पिवळं होतं. इतके दिवस सगळं गाव आमच्याच रानाकडं मान वळवून बघत होतं. शेजारी कुणी पाहिलंच नव्हतं. खुद्द तात्यांनीही नाही.

"कालपातुर हिरवं व्हतं की हे!" तात्या म्हणाले.

"नव्हतं," सर म्हणाले. "हा लोहाचा उपास आहे. पाणी साचलंय, चुनखडी आहे, वरून स्फुरदाची गर्दी. आणखी पोतं टाकलं तर गर्दी वाढेल. चर काढून पाणी बाहेर घालवा, जमीन सुकून वाफसा येऊ द्या, मग हिराकसची, म्हणजे लोहाचीच, फवारणी करू. दोन्ही रानांत."

तात्या आपलं पोतं परत डोक्यावर घेऊन गेले. जाता जाता अण्णांना म्हणाले, "फवारणीचा पंप माजा घे. तुजा गळतोय."

पानं हळूहळू हिरवी झाली. पण अण्णांच्या मनातली भीती गेली नव्हती. पान हिरवं दिसणं वेगळं आणि पोतं भरणं वेगळं. धाकटी मला रोज फोन करायची आणि अभ्यासाचं न बोलता शेंगांचंच सांगायची.

काढणी दसऱ्यानंतर आली. मी सुट्टीत घरी होते. आमच्या रानात हडंबा, म्हणजे मळणीयंत्र, लागला होता. तात्यांची मळणी आदल्या दिवशीच झाली होती. दोघांची रानं सारखीच. तिसऱ्या प्रहरी अण्णांनी पोती मोजली, एकदा परत मोजली, आणि बांधावर जाऊन बसले. मी विचारलं तर म्हणाले, "तात्याएवढंच झालंय." त्यांचा चेहरा उतरला होता. एवढा मोठा माणूस एवढ्या वेळा चिखलातून आला, त्याच्यासाठी तरी चार पोती जास्त व्हायला पाहिजे होती, असं त्यांना वाटत होतं.

तेवढ्यात सर आले. हडंब्याच्या आवाजात सगळ्यांना ओरडूनच बोलावं लागत होतं.

"काय झालं अण्णा?"

"काय न्हाई सर!"

"काय नाही म्हणजे?"

"तात्याएवढंच झालं! फरक पडला न्हाई!" अण्णांनी मान खाली घातली.

"परत सांगा!"

"फरक पडला न्हाई सर! कायबी न्हाई!"

सरांनी दोन्ही हात वर केले आणि ते नाचायलाच लागले. आमचा हायवे तुळजापूरला जातो, त्याच्यावर तेव्हा कर्नाटकातून पायी येणाऱ्या भक्तांची रीघ लागलेली असते. सर रस्त्याकडं तोंड करून ओरडले, "काहीच फरक पडला नाही! काहीच नाही!" भक्तांना वाटलं, हा माणूस देवीचा जयजयकार करतोय. तिकडून मोठ्यानं आलं, "आई राजा उदो उदो!" सरांनीही हात वर ठेवूनच उत्तर दिलं, "उदो उदो! काहीच फरक नाही!" एक म्हातारी रस्त्यावर थांबून त्यांना नमस्कार करून गेली.

अण्णा घाबरले. त्यांनी मला विचारलं, "सरांना ऊन लागलं का?"

मळणीवाल्यानं हडंबा थांबवला. सर धापा टाकत अण्णांसमोर उभे राहिले. "अहो, टाकलं तरी तेवढंच आणि नाही टाकलं तरी तेवढंच! ह्याच्यासाठीच तर सगळं केलं आपण! जास्त झालं असतं तर मीच घाबरलो असतो. मग सांगा, तात्यांनी पेरणीला टाकलेलं पोतं गेलं कुठं?"

सगळे तात्यांकडं बघायला लागले. तात्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी परत घातली. "माज्या रानात हाय," ते म्हणाले. "तितं त्याला कोण इचारतंय?" आणि मग सगळ्यांत आधी तेच हसले. हसता हसता अण्णांच्या पाठीत थाप मारून म्हणाले, "धाड बाबा धाकटीला बी. पर माती बास झाली आता ह्या घरात. तिला दुसरं कायतरी शिकीव."

"मला नर्सिंगला जायचंय," धाकटी म्हणाली.

ती पोत्याचं तोंड धरून उभी होती. तोवर तिला कुणी विचारलंच नव्हतं, मीसुद्धा नाही. अण्णांनी सरांकडं पाहिलं.

"माझ्याकडं काय बघता?" सर म्हणाले. "मला रक्तातलं काही कळत नाही. त्यांनाच विचारा."

अण्णा उठले. पँटची माती झटकली. "बारावी हू दे चांगली," ते म्हणाले, "मी येतो सोडायला."

हडंबा परत सुरू झाला, त्यामुळं धाकटी काय म्हणाली ते कुणालाच ऐकू आलं नाही. पण ती हसत होती, आणि पोत्याचं तोंड तिच्या हातून कधी सुटलं ते तिला कळलंही नव्हतं. सोयाबीन तिच्या पायांवर सांडत होतं आणि कुणीच तिला रागावत नव्हतं.